गाण्याची डावी बाजू

हेडफोनच्या गादीवरचा काळा पापुद्रा पुन्हा सुटला होता आणि कानामागं चिकटला होता – बोटानं ओढला तर त्याचे दोन तुकडे झाले, एक नखात गेला, एक केसांत – आणि नेमकी तेव्हाच बेस गिटार थांबली. दुसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यात. इथं ती नेहमीच थांबते. दोन आवर्तनं ती गप्प राहते, खालची जमीन कुणीतरी काढून घेतलेली असते आणि वरचं सगळं, तो ऑर्गन, ते ड्रम, नुसतं लोंबकळत राहतं… मग ती परत येते, आणि दरवेळी वैजयंतीच्या पोटात काहीतरी आपल्या जागी बसतं. कुणाला सुचलं असेल हे, गप्प बसणं? वाजवणाऱ्याला नक्कीच नाही. वाजवणारे आपणहोऊन गप्प बसत नाहीत. काचेपलीकडं बसलेल्या कुणीतरी सांगितलं असणार – इथं नको वाजवूस. साठच्या दशकात, सातासमुद्रापार, एक माणूस दुसऱ्याला म्हणाला की इथं नको वाजवूस, आणि त्यापायी जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईला हुलग्याचं पीठ पाण्यात कालवताना हात थांबवावा लागतो. माडग्यात गुठळी झाली तर जबाबदार कोण?

चार-पाच दिवसांनी आज नळाला पाणी आलं होतं. मोटार सुरू होती, सयाजीराव – तिचे यजमान – पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरत सुटले होते आणि प्रत्येक भांडं भरलं की काहीतरी ओरडून सांगत होते. ती मान डोलवत होती. तिला मोटारीचा आवाज हेडफोनच्या बाहेर, भिंतीपलीकडं असल्यासारखा ऐकू येत होता आणि गाणं आत, डाव्या कानाच्या तळाशी. आत-बाहेर, पुढं-मागं, डावं-उजवं. टेलिफोन खात्यात उभी नोकरी कानाला यंत्र लावून झाली. पण तिथं सगळं जग एकाच जागी यायचं – कानाच्या भोकात. आवाजाला लांबी-रुंदी असते, कुणीतरी एकेक आवाज उचलून कुठं ठेवायचा ते ठरवतं, हे तिला पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच्या आसपास कळलं. म्हातारपणी नाद लागला, म्हणतात सयाजीराव. लागला. लोक देवाला लागतात, मी ड्रमला लागले.

उद्या सकाळी दादाचं स्वरयंत्र काढणार आहेत.

हे वाक्यही तिनं गेले काही दिवस निरनिराळ्या जागी ठेवून बघितलं होतं. मागं, लांब, पुष्कळ घुमारा देऊन. किंवा कोपऱ्यात, एका बाजूला, बारीक. कुठंही ठेवलं तरी ते पुढंच येत होतं.

डॉक्टरांनी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या घशावर पेनचं टोक ठेवून दाखवलं होतं, इथून इथपर्यंत. जीव वाचेल म्हणाले. श्वास घ्यायला मानेला भोक राहील. बोलण्याचं पुढं बघू, यंत्रं निघाली आहेत, सवयीनं जमतं. दादा ऐकत होता तो मागाचा कुठला पार्ट गेलाय हे ऐकावं तसा – जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, बंद पडलेले माग उघडायचे आणि चालू करून द्यायचे, हेच त्याचं काम – आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "खोलायचं म्हणत्यात. खोलू द्या की." शालनवहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाण्याची बाटली शोधत राहिले, ती माझ्याच हातात होती.

माझ्याकडं दादाचा आवाज नाही. त्या दिवशी घरी येऊन तिनं फोन धुंडाळला तेव्हा हे लक्षात आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो फक्त गुलाबाचे फोटो पाठवतो, खाली शुभ सकाळ. रेश्माच्या – तिच्या मुलीच्या – लग्नाच्या व्हिडिओत तो एकदा "जेवून जावा हं सगळी" म्हणतो, त्यावर बँडवाला इतका जोरात वाजवतो की नुसते ओठ हललेले दिसतात. बाकी काही नाही. एकोणसाठ वर्षांचा माणूस, एवढा बोललेला, रागावलेला, एके काळी गायलेला… गायलेला, खरं तर तेवढंच तिला हवं होतं. ते एक गाणं. त्यानं ते आज एकदा म्हणावं, फोनमध्ये राहावं, मग उद्या काय खोलायचं ते खोला.

तिनं डबा भरला. हेडफोन पिशवीत टाकला, पुन्हा काढला, पुसला, पुन्हा टाकला.

रिक्षावाल्याला ती नवी पेठेतून घ्यायला सांगून बसली. वाकडी वाट होती, गर्दीची, आणि तो तसं म्हणालाही – "मावशी, सात रस्त्यानं गेलो की धा मिन्टात सोडतो की" – पण तिनं ऐकलं नाही. तिथं बघायला काही उरलेलं नाही. इलाहीबक्षचाचांचं कॅसेटचं दुकान होतं त्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, रंगीत, खालपासून वरपर्यंत. रिक्षा कापडवाल्यांच्या पुढ्यात अडकली आणि ती त्या कव्हरांकडं बघत राहिली.

करकंबहून वडलांनी दोघांना शिकायला इथं ठेवलं होतं, एका खोलीत. दादा आयटीआयला, ती नववीत. घरून आलेला टेपरेकॉर्डर होता, एकाच स्पीकरचा. कोरी कॅसेट घेऊन इलाहीबक्षचाचांकडं जायचं, गाणी सांगायची, ते तबकड्यांवरून भरून द्यायचे. अख्खी नवी पेठ तसंच करायची. रेल्वेतला कुणी साहेब बदली होऊन जाताना आपल्या इंग्रजी तबकड्या चाचांच्या गळ्यात मारून गेला होता; त्या कुणी विचारत नव्हतं. दादानं विचारलं. एका बाजूला अभंग – वडील आले की लावायला – आणि दुसऱ्या बाजूला त्या साहेबाची गाणी. चाचांनी कव्हरवर लिहिलं 'इंग्लिश'. कुणाचं, कुठलं, काही नाही. त्यांनाही तबकडीवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि आम्हाला विचारायची लाज वाटली.

पहिलंच गाणं ते. त्यात गाणारा नव्हता. ड्रम होते, दबके, जाड. बेस गिटार होती. मागं देवळातल्या पेटीसारखा पण तिच्यापेक्षा रुंद असा ऑर्गन. आणि फार लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी माणसाची नुसती हाक यायची, शब्द नाहीत, हाकेची शेपटी तेवढी. दादा पहिल्या दिवशी ते ऐकून उठून बसला होता. त्याचं मत लगेच तयार. "वैजे, बघ की. ह्यांनी गाणाऱ्याची जागा मोकळी सोडलीया. ज्याला यील त्यानं म्हणावं."

आणि तो म्हणायचा. संध्याकाळी, गच्चीवर, घरमालकाच्या वाळत घातलेल्या चादरींच्या मधे बसून. ना इंग्रजी ना मराठी, आकार आणि उकार, मधूनच "ए पोरी", मधूनच काहीच नाही, फक्त जिभेनं टाळूवर टकटक. ती लांबची हाक यायची तिथं तो थांबायचा, तिला वाट द्यायचा, मग तिच्या पाठीवर स्वतःचा आवाज ठेवायचा. बेस गप्प होते त्या दोन आवर्तनांत तोही गप्प. कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा आवाज पातळ नव्हता, गोडही नव्हता, बाजरीच्या भाकरीसारखा खरबरीत होता, आणि त्या गाण्यात तो असा बसायचा की मला कितीतरी वर्षं वाटत होतं, हे गाणं त्याचंच आहे, लंडनवाले फक्त साथीला आहेत.

मग एकदा तो म्हणायचा थांबला. कारखान्यात लागला, रात्रपाळी आली, शालनवहिनी आली. गाणं सुटलं. माणसांचं सुटतंच, त्यात विचारायचं काय… मी विचारलं नाही. कॅसेट त्यानं मला दिली, "तूच ठिव". मी सासरी घेऊन गेले. आतली फीत तुटेपर्यंत ऐकली.

"चला मावशी, सुटलं," रिक्षावाला म्हणाला, आणि कव्हरांची भिंत मागं गेली.

सहा वर्षांपूर्वी रेश्मानं पुण्याहून येताना हा हेडफोन आणला. फोनला गाणं ऐकवलं की नाव सांगतो म्हणाली. कॅसेटची फीत तुटलेली, मग वैजयंतीनंच ती चाल गुणगुणून दाखवली, चाल म्हणजे ऑर्गनची. दहा-बारा चुकीची गाणी निघाली आणि मग ते निघालं. ड्रम आले. बेस आली. डाव्या कानात, सगळं ओळखीचं, सगळं जागच्या जागी, तिला रडूच येणार होतं, आणि इतक्यात उजव्या कानाशी एक माणूस गायला लागला. इतका जवळून, की तिनं हेडफोन काढून खोलीत बघितलं, कोण आलं म्हणून.

पूर्ण गाणं. शब्द, कडवी, गिटार, खंजिरीसारखं काहीतरी – सगळं उजवीकडं. त्या काळी तसंच करायचे, हे तिला नंतर कळलं: वाद्यं एका बाजूला ओतायची, गाणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये रान मोकळं. आणि गाणाऱ्याचा नुसता घुमारा तेवढा पलीकडच्या बाजूला सोडायचा, म्हणजे तो मोठ्या खोलीत उभा आहे असं वाटतं. ती विहिरीतली हाक म्हणजे तो घुमारा होता. इलाहीबक्षचाचांच्या यंत्राची एक वायर मेलेली होती, उजव्या बाजूची, किती वर्षं कोण जाणे. सिनेमाच्या गाण्यांना, अभंगांना त्यानं काही बिघडत नव्हतं. ती दोन्ही बाजूंना सारखीच असायची, एक वायर गेली तरी गाणं पूर्ण. अख्ख्या नव्या पेठेला पत्ता लागला नाही. अर्धं झालं ते फक्त आमचं.

त्यानंतर ती झपाटल्यासारखी ऐकत सुटली, ते गाणं, त्या काळातली दुसरी शेकडो. कुठल्या आवाजाला कुठं उभं केलंय, कुणाला भिंतीकडं तोंड करून म्हणायला लावलंय, एकाच माणसाचा आवाज दोनदा घेऊन एकावर एक कसा घातलाय – पहिल्यांदा गायलेला आणि दुसऱ्यांदा गायलेला, आणि दोन्ही कधीच तंतोतंत जुळत नाहीत म्हणून तो जाड, जिवंत लागतो… ड्रम दबके का, तर त्यांच्यावर टॉवेल टाकलाय. हे वाचलं तेव्हा ती हसली होती आणि दादाला फोन करायला उठली होती. अर्ध्यात बसली. टॉवेलचं सांगायचं तर गाण्याचं सांगावं लागेल. गाण्याचं सांगायचं तर त्या उजव्या माणसाचं सांगावं लागेल.

तो वाईट गात नाही. फार चांगला गातो, तीच पंचाईत आहे. ज्याला यील त्यानं म्हणावं अशी जागा कुणी सोडलेली नव्हती. जागेवर माणूस होता, पहिल्यापासून, आणि दादापेक्षा सरस. हे त्याला कसं सांगायचं? कुणी सांगायचं? मी नाही. फोनमध्ये, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी केलेल्या पानावर, एक पट्टी असते. ती एका टोकाला सरकवली की उजवी बाजू मरते. ती तशीच ऐकायची बहुतेक वेळा. आज सकाळीही तशीच.

हॉस्पिटलात लिफ्टला रांग होती. ती जिन्यानं चढली.

दादा उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली, गळ्यावर पेननं काढलेली निळी रेघ, इथून इथपर्यंत. शेजारचा पलंग रिकामा होता. तिला बघून त्यानं दोन बोटं वर केली, जुनी सवय, मागांच्या खडखडाटात कुणी बोलत नाही, हातानंच सांगतात – ये.

"काय आणलंयस?"

आवाज आठवड्यात आणखी उतरला होता. हवा जास्त, आवाज कमी. त्यातून शब्द वेचून घ्यावे लागत होते.

"माडगं. गिळवेल?"

"बघू की. ठिव. शालन खाली गेलीय, औषधं आणाया." मग घसा खाकरून – "तुझं नाक का लाल झालंय? आपरेशन माजं हाय."

ती स्टुलावर बसली. घरून ठरवून आणलेली वाक्यं होती, चांगली, एकापुढं एक लावलेली. त्यातलं एकही आलं नाही. "दादा, ते गाणं… कॅसेटवरचं. तू म्हणायचास ते. आज म्हणशील का एकदा? मी फोनमध्ये घेते."

त्यानं मान खिडकीकडं वळवली. बाहेर उन्हात पत्र्यावर कबुतरं चालत होती, नखांचा आवाज येत होता.

"न्हाय," तो म्हणाला. "असला आवाज ठिवू नगंस. ह्यो काय ठिवायसारका हाय का? घ्यायचा न्हाय. सांगून ठिवतो."

"बरं."

"घेशील गपचिप. मी वळकतो तुला."

"नाही घेणार म्हटलं ना."

ती हेडफोनची वायर उगाच बोटाला गुंडाळत बसली. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि आता काय राहिलंय लपवण्यासारखं म्हणून, आणि रागानंही – कशाचा राग ते तिला कळलं नाही – ती म्हणाली, "त्या ड्रमवर टॉवेल टाकलेला होता, दादा. आवाज दबावा म्हणून. तसंच करायचे ते."

त्याच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. "सोलापुरी असंल."

ती हसली. तोही हसला, म्हणजे खांदे हलले. आणि त्याच दमात, खिडकीकडंच बघत, तो म्हणाला, "त्यात गाणारा बी हाय. ठावं हाय का तुला?"

तिच्या बोटाला वायरीचा वेढा घट्ट बसला होता. ती तो सोडवत राहिली.

"तुला कधीपासून…"

"लई दीस झालं. चाचानं नवी मशीन आणली, दोन पेटीवाली. मला हाक मारून बलिवलं. 'अरे जोती, इसमें तो आदमी गारा रे! अपने मशीन की एक वायरच मरी थी, मेरेकू मालूमच नै!'" चाचांची नक्कल करताना आवाज पार फुटला, त्याला थांबावं लागलं, पाणी प्यावं लागलं. "परत भरून दितो म्हणला, फुकाट. मी म्हणलं नगं. वैजीला बी सांगू नगंस म्हणलं."

"का?"

"तुला ते तसलंच आवडायचं की."

"आणि तू म्हणायचं सोडलंस ते…"

"मग काय करू? त्यो लई भारी म्हणतो." त्यानं हात उलटा केला, एवढंच, असं म्हणाल्यासारखा. "आपुन दुसऱ्याच्या पाटावर बसून जेवत हुतो, वैजे. त्यो मानूस उठून आला. उटाय नको व्हय?"

नोकरी नव्हे, रात्रपाळी नव्हे, वहिनी तर नव्हेच – आणि वहिनीला किती वर्षं मनातल्या मनात दोष देत आले मी, न बोलता, सणावाराला तिच्या हातची पुरणपोळी खाताना, की ही आली आणि दादा मुका झाला. सहा वर्षं जे त्याच्यापासून जपलं ते त्यानं माझ्यापासून त्याच्या सहापट काळ जपलं होतं. दोघं एकाच वस्तूवर दोन बाजूंनी पांघरूण घालत बसलो. तिला ओरडून सांगायचं होतं, की मला तो उजवीकडचा नाही आवडत, सहा वर्षं प्रयत्न करतेय, तो आला की गाणं भरून जातं, त्यात माझ्या पाय ठेवण्यापुरतीही जागा उरत नाही. चांगलं गाणं आणि माझं गाणं ह्या दोन गोष्टी आहेत, तू मला विचारायचं होतंस. ती म्हणाली, "मला तू म्हणायचास तेच आवडतं." ऐकायला अगदीच किरकोळ लागलं.

"लाव बगू," तो म्हणाला.

"कुठलं? पूर्ण?"

"न्हाय. आपलं."

तिनं पट्टी टोकाला नेली. हेडफोन त्याच्या डोक्यावर नीट बसवला, कानांच्या वरचे पांढरे केस आत घेतले. गादीचा पापुद्रा त्याच्या गालाला लागला, त्यानं तो झटकला. तिनं गाणं सुरू केलं आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघू नये म्हणून त्याच्या हातांकडं बघितलं. तळव्यात ग्रीसच्या काळ्या रेघा अजून होत्या, निवृत्त होऊन वर्ष झालं तरी. बोटं पलंगाच्या लोखंडी कडेवर आली. ड्रम सुरू झाले असणार. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, ते दबके ठोके नाहीत, ऑर्गन नाही; फक्त लोखंडावर नखांची टकटक.

आणि मग तो म्हणायला लागला.

कान झाकलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं म्हणतोय ते कळत नाही, आणि दादाचे कान तर मागांनी निम्मे आधीच नेले होते. डोळे मिटलेले. आवाज असा नव्हताच. हवा होती, खरखर होती, त्या खरखरीच्या आत कुठंतरी ती चाल, वर चढायला गेली की तुटायची आणि खाली येऊन पुन्हा सापडायची. पण तीच. आकार, उकार, जिभेचा टाळूवर ठोका. तो थांबला – ती लांबची हाक आली असेल – आणि तिच्या मागून पुन्हा निघाला. ए पोरी. आलं तेही.

फोन तिच्या हातात होता. दोन ठिकाणी बोट लावलं की झालं. न घेण्याचं वचन दिलं होतं, पण असली वचनं माणसं मोडतात, चांगली माणसंसुद्धा, आणि उद्यानंतर वचन पाळल्याचं कौतुक करायला आवाज कुणाला असणार आहे? ती हिशेब करायला लागली होती: कबुतरं पुसून काढता येतील, खरखर थोडी कमी होईल, खाली डावी बाजू घालायची, याचा आवाज मध्ये, किंचित मागं, थोडा घुमारा, म्हणजे तुटलेलं झाकलं जाईल… अंगठा काचेवर होता. आणि तिला कळलं की ती दादा ऐकत नाहीये. ती तो नीट करतेय.

दारात शालनवहिनी उभी होती.

एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आत यायला एक पाय उचललेला तसाच. ती नवऱ्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर रडू नव्हतं, काळजी नव्हती, ओळखच नव्हती. आपल्याच घरात एक खोली आहे आणि ती आज उघडी दिसली, असं काहीसं. तिनं ते कधी ऐकलेलं नव्हतं. एवढा संसार झाला, दोन मुलांची लग्नं झाली, आणि तिच्या समोर हा माणूस कधी एक ओळ गुणगुणला नव्हता. वैजयंतीच्या आत काहीतरी उसळून आलं, चांगलं नव्हतं ते – हे माझं आहे, तू हे ऐकतेयस ते काहीच नाही, हे असं नव्हतं, तू गच्चीवर असायला हवी होतीस… पण वहिनीचं तसं काही नव्हतं. तिनं बाटली न वाजवता जमिनीवर ठेवली, पिशवी चुरचुरू नये म्हणून पोटाशी धरली आणि ऐकत राहिली. यात काही तुटलंय, काही उणं आहे, हे तिला माहीतच नव्हतं. तिला ते पूर्णच होतं.

वैजयंतीचा अंगठा काही न दाबताच काचेवरून कधी निघाला ते तिला समजलं नाही.

गाणं संपलं तेव्हा दादानं हेडफोन मानेवर ओढला, निळ्या रेघेच्या वर, आणि दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "मी म्हणत हुतो काय?"

वैजयंतीनं तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली. "न्हाय की. गपच हुता तुमी."

"खरं?"

"खरं."

त्याचा विश्वास बसला की नाही सांगता येणार नाही. जॉबरचे डोळे ते, कुठला माग खोटा चालतोय ते त्याला लांबून कळायचं. थोड्या वेळानं त्यानं हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि हातानं खूण केली – परत लाव.

तिनं लावलं. मग ती स्टुलावरून उठली. इतकी वर्षं कुठलंही गाणं ऐकताना ती अगदी मधली जागा शोधत आली होती, जिथं सगळं नेमकं पोचतं ती, आणि त्या जागेवर दुसरं कुणी बसलं तर तिला चैन पडत नसे. तिनं वहिनीच्या दंडाला धरून तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः दारापाशी येऊन उभी राहिली. बाहेर कुणाची तरी ट्रॉली चालली होती, चाकं वाजत होती, नर्स कुणाला तरी नाव विचारत होती. इथून काही ऐकू येणार नव्हतं. वहिनी पुढं वाकली. दादाची बोटं लोखंडावर चालू झाली होती, ओठ अजून मिटलेले होते. या वेळी तो म्हणेल की मुद्दाम गप्प राहील, कुणालाच ठाऊक नव्हतं. नाही ऐकू आलं तरी चालेल, वैजयंती स्वतःशी म्हणाली. चालेल. आणि तिचे कान तिकडंच लागून राहिले.